मास्तरांच्या गोष्टी ऐकताना

भाची : मावशी, डी.एड.च्या बाईंनी पुस्तकांची भली मोठी यादी दिली आहे. म्हटलं, निम्मी तरी बसमध्ये येता-जाता ऐकून संपवावीत. तू सदानकदा ऑडिओबुक ऐकत असतेस. जमेल ना?

मावशी : शिकवण्याविषयीची गोष्ट असेल तर जरूर ऐक. सिद्धान्त असेल तर वाच.

भाची : इतकी सरळ वाटणी?

मावशी : माझ्यापुरती आहे. पाउलो फ्रेरेचं ‘पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ मी ऐकून पाहिलं. दुसऱ्या प्रकरणात तो म्हणतो, आपलं शिक्षण बँकेत पैसे भरल्यासारखं चालतं; शिक्षक भरणा करतो, विद्यार्थी साठवतो. एवढं डोक्यात बसलं. पुढे मात्र एकेक विधान आधीच्या विधानावर उभं असतं. मागे जाऊन पाहावं लागतं, समासात खूण करावी लागते. वाचणारा पुढे निघून जातो आणि आपण आधीच्याच वाक्यात अडकलेले. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’चं तसं होत नाही. तेही शिक्षणशास्त्रच, पण गोष्टीच्या रूपात.

भाची : गिजुभाई म्हणजे भावनगरचे ना?

मावशी : हो, गिजुभाई बधेका. पेशाने आधी वकील. भावनगरला १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केलं. ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी मुलांना शांततेचा खेळ शिकवायला जातो आणि पोरं वर्ग डोक्यावर घेतात. मग तो गोष्ट सांगायला बसतो. छापील पुस्तकात हा प्रसंग मी वाचला होता, पटलाही होता. ऐकताना मात्र तो माझ्यावरच घडला. त्या वर्गासारखी मीही गोष्ट ऐकत गप्प बसले होते, पुढे काय म्हणून.

भाची : पण ऐकायची चटक लागली की मुलं वाचत नाहीत, असं सगळे म्हणतात.

मावशी : त्याचं उत्तर त्याच पुस्तकात आहे. मुलांना गोष्टींची गोडी लागते, तेव्हा तो मास्तर पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून गोष्टींची पुस्तकं आणून वर्गातच वाचनालय उभं करतो. आधी कान, मागून डोळे. मला हे मनापासून पटतं. मात्र वर्गात ऑडिओ लावलास तर मुलांच्या हातात पुस्तक दे, बोट ओळीवरून फिरू दे. दहा मिनिटांनी बंद कर आणि त्यांना बोलू दे. मोबाइलला पोरांची जांभई दिसत नाही, ती तूच पाहायची.

भाची : आणि चांगलं वाचन ओळखायचं कसं?

मावशी : बोलीवरून. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची ‘बनगरवाडी’ घे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर राजाराम सौंदणीकर हा कोवळा मास्तर येतो. निवेदन त्याचं, प्रमाण मराठीत. बोलणी धनगरांची, माणदेशी. वाचणाऱ्याला एका ओळीत शाळेतून मेंढरांत जावं लागतं. पुष्कळांना तिथे मोह आवरत नाही. गावाकडची बोली आली की हेल काढायचा, हसू आणायचं. तसं झालं की कारभारी संपला! अख्खी वाडी ज्याचं ऐकते असा तो जाणता म्हातारा. पोरं शाळेत धाडायची तर त्याचा शब्द लागतो. तोच विनोदी वाटला तर हा परका पोरगा वाडीवर कुणाच्या आधाराने टिकला, हे ऐकणाऱ्याला कळणारच नाही. अशा वेळी मी ऑडिओ बंद करते आणि कपाटातून पुस्तक काढते. शेवटी दुष्काळ पडतो, माणसं वाडी सोडून जातात. माडगूळकरांनी ते किती कमी शब्दांत लिहिलंय! वाचणाऱ्याने तिथे गळा काढू नये, एवढंच माझं मागणं.

भाची : मग ‘श्यामची आई’?

मावशी : तिचा घाटच मुळी सांगण्या-ऐकण्याचा आहे. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांना नावं ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी. त्याआधी गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत होते. समोर मुलं बसली आहेत हे धरूनच ते लिहितात. ती एका दमात ऐकू नकोस. दिवसाला एक रात्र पुरे.

भाची : मी तर दीडपट वेगाने ऐकते सगळं.

मावशी : बातम्या ऐक तशा. शिक्षकाच्या गोष्टीत प्रश्न विचारल्यानंतरचा थांबा मोलाचा असतो, आणि वेग वाढवला की तोच आखडतो. वर्गात प्रश्न विचारून किती वेळ गप्प राहायचं, हे कुठल्याही टिपणात लिहिलेलं नसतं. चांगला वाचणारा ते आवाजातून दाखवतो. तेव्हा ‘दिवास्वप्न’ आणि ‘बनगरवाडी’ बसमध्ये ऐक, साध्या वेगाने. फ्रेरे घरी, पेन्सिल घेऊन. आता यादीतली पुढची नावं वाच.