सॉफ्टवेअर बदलल्यावर बिघडलेली यादी



शाळेच्या संगणकातून विद्यार्थ्यांची यादी आपोआप तक्त्यात उतरावी, ही सोय आता नवलाईची राहिलेली नाही. नाव, जन्मतारीख, बँकेचा खाते क्रमांक असे रकाने एकदा ठरवून दिले, की सॉफ्टवेअर रोज रात्री फाइल तयार करते व सकाळी आपण ती एक्सेलमध्ये उघडतो. परंतु सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आल्यावर हीच यादी कधी कधी बिघडते. काम साफ बंद पडले तर ते तत्काळ ध्यानात येते. भय आहे ते निमूटपणे होणाऱ्या बिघाडाचे. १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक बदलला, तर सौसरच्या एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती अडकून पडते, आणि यादी मात्र सुबक दिसत राहते.

अंक बदलतो कसा? जुनी आवृत्ती एक्सेलचीच फाइल देत असेल, तर खाते क्रमांक हा ‘मजकूर’ आहे, ही खूण तिच्यात असू शकते. नवी आवृत्ती सीएसव्ही फाइल देऊ लागली, की ती खूण जाते. कारण सीएसव्हीत नुसती अक्षरे व स्वल्पविराम असतात. मग एक्सेल स्वतःच तर्क करते. संख्या समजून पहिले १५ अंक जपते, सोळाव्याच्या जागी शून्य घालते. आरंभीची शून्ये गाळते. १२ अंकी आधार क्रमांक १.२३ई+११ अशा रूपात दिसतो. तो अद्याप शाबूत असतो, पण तशाच अवस्थेत सीएसव्ही म्हणून जतन केला, की मूळ अंक गेलेच! देवनागरी नावांच्या जागी विचित्र रोमन खुणा दिसल्या, तर यूटीएफ-८ या लिपिसंकेताची ओळख पटलेली नाही असे समजावे. (माझी मातृभाषा कोंकणी देवनागरी, रोमी, कानडी अशा लिप्यांत लिहितात, त्या साऱ्यांना हा एकच संकेत पुरतो.)

म्हणून प्रथम ती फाइल एक्सेलमध्ये न उघडता नोटपॅडमध्ये उघडावी. तेथे अंक बरोबर असतील तर दोष वाचण्यात आहे. तेथेच चुकलेले असतील तर पाठविण्यात. नंतर फाइलची वेळ पाहावी, कारण रात्रीचे काम झालेच नसेल तर कालचीच फाइल आपण आजची म्हणून वाचत असतो. शेवटी ओळी मोजाव्यात.

ही मोजणी क्षुल्लक नव्हे. २०२० साली इंग्लंडच्या आरोग्य खात्यात करोनाच्या तपासण्यांचे निकाल आपोआप एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरले जात. तिच्यात ६५,५३६ ओळीच मावतात. वरच्या ओळी गळाल्या, आणि १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून सुटले. त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोधही लांबला.

आपल्याकडेही असे घडू शकते. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. समजा, जुन्या यादीला ‘जिल्हा छिंदवाडा’ अशी चाळणी लावलेली आहे. नोंदींत नवे नाव येताच पांढुर्णा व सौसर येथील शाळा गळतील, आणि संगणक त्याला चूक म्हणणार नाही.

वाचण्यातील दोषावर उपाय सोपा आहे. फाइलवर दोनदा टिचकी न मारता एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून ती आत घ्यावी, लिपिसंकेत यूटीएफ-८ निवडावा, आणि क्रमांकांच्या रकान्यांना ‘टेक्स्ट’ हा प्रकार द्यावा. मूळ फाइल मात्र पुसू नये.