लहान पेटींतील संगणक : सुट्या भागांची निवड

गेल्या वर्षींच्या मे महिन्यांतील एक दुपार आम्हांस चांगली स्मरते. अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज भरण्याचे दिवस होते आणि ज्यांच्या घरीं साधन नाहीं अशीं आसपासच्या खेड्यांतील मुलें शाळेच्या वाचनालयांत येऊन बसलीं होतीं. बाहेर ४४ अंशांचें ऊन, आंत एक पाण्याचा कूलर, कोपऱ्यांतील टेबलावर पडदा, आणि टेबलाच्या खणांत कुलपाआड आमचा नवा संगणक. तो आकारानें एवढा लहान होता कीं पाहणारा प्रत्येकजण त्याचें कौतुक करी. तीन वाजण्याच्या सुमारास, एक विद्यार्थिनी आपले दाखले स्कॅन करून अर्जास जोडीत असतां, पडदा काळा झाला. यंत्र पुन्हा सुरू केलें. दहा मिनिटांनीं पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्या वेळीं तिनें आमच्याकडे न पाहतां भिंतीवरील घड्याळाकडे पाहिलें, कारण तिच्या गांवची शेवटची एस. टी. साडेपांचास सुटत असे. अखेरीस तिचा अर्ज कार्यालयांतील जुन्या, अवजड, धुळीनें माखलेल्या संगणकावर भरला गेला, आणि गाडी सुटण्यापूर्वीं ती स्थानकावर पोंचली. तो जुना संगणक आम्ही पंधरा दिवसांपूर्वीं भंगारांत देण्याच्या बेतांत होतों.

ह्या प्रकारांत दोष यंत्राचा नव्हता. निवड करणारांचा, म्हणजे आमचाच होता. पेटी आधीं आवडली, प्रोसेसर मागाहून ठरला, आणि हवा येईल कोठून व जाईल कोठें हा प्रश्न कोणीं विचारलाच नाहीं. साडेतीन लिटरांच्या पेटींत चांगला शक्तिमान प्रोसेसर, पेटीबाहेर लॅपटॉपसारखा १२० वॅटांचा अडॅप्टर, आणि चोरीच्या भयानें हें सर्व आम्हीं खणांत कोंडलेलें. हिवाळ्यांत कांहीं बिघडलें नाहीं. मे महिन्यांत मात्र, अर्जांचें काम चालू असतांनाच यंत्रानें आंतल्या आंत आपलें अपडेट सुरू केलें, प्रोसेसर पूर्ण वेगानें धांवूं लागला, आणि आधींच तापलेल्या अडॅप्टरनें स्वतःचा बचाव करण्यासाठीं वीज तोडली. बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्यानें आधीं बसून हिशेब करावा, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आम्ही वर्गांत किती वेळां शिकविला असेल! असो. यंदा तें यंत्र मोडून त्याच्या जागीं दुसरें जुळविण्याचें काम आम्हीं नववीच्या मुलांस बरोबर घेऊन केलें. त्यांत जें समजलें तें येथें देत आहों.

संगणक लहान होत गेल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे, परंतु तिचा अर्धाच भाग सहसा सांगितला जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० सालीं कामास लागला. त्यांत सुमारें २७०० निर्वात नलिका होत्या, आणि त्याची स्मृति ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे गुणाकार केल्यास अवघी १० किलोबाइट होती. आज १६ गिगाबाइटांची, म्हणजे तिच्या सोळा लाख पटींहून अधिक स्मृति, तळहातावर मावते. यंत्र आकुंचन पावलें खरें. उष्णता मात्र त्या प्रमाणांत आकुंचन पावली नाहीं. पूर्वीं ती दालनभर पसरलेली असे, आतां ती नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यांत एकवटली आहे. लहान संगणक जुळविणें म्हणजे मुख्यतः त्या उष्णतेस बाहेरची वाट काढून देणें होय.

म्हणून निवडीचा क्रम महत्त्वाचा. बहुतेक लोक प्रोसेसरपासून आरंभ करतात. मोठ्या पेटींत तो क्रम चालून जातो, कारण तेथें चुकीलाही जागा असते. लहान पेटींत प्रथम यंत्र ठेवण्याची जागा पाहावी, मग त्यावर करावयाचें काम, मग पेटी, जिला बाजारांत कॅबिनेट म्हणतात, आणि प्रोसेसर त्याच्या मागून. कॅबिनेट ठरलें कीं मदरबोर्डाचें माप आपोआप ठरतें. नेहमींचा एटीएक्स बोर्ड, ज्याचें माप १९९५ सालीं निश्चित झालें, ३०५ मि. मी. लांब व २४४ मि. मी. रुंद असतो. लहान यंत्रांसाठीं व्हाया कंपनीनें २००१ सालीं मिनी-आयटीएक्स हें माप पुढें आणलें. तें १७० गुणिलें १७० मि. मी. आहे, म्हणजे क्षेत्रफळानें मोठ्या बोर्डाच्या दोन पंचमांशाहूनही कमी. एकदां हें माप स्वीकारलें कीं पुढील प्रत्येक भाग त्याच्याशीं जुळलाच पाहिजे. ज्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरील ‘शकुंतला’ गाडीनें प्रवास केला असेल त्यांस हें लौकर समजेल. त्या रुळांमधील अंतर ७६२ मि. मी., आणि मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गाचें १६७६. कापसाच्या गाठी कितीही उत्तम असोत, मूर्तिजापुरास त्या एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत भराव्याच लागत. (त्याच मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला, हें वऱ्हाडच्या मुलांनीं जातां जातां लक्षांत ठेवावें.)

खरेदीपूर्वीं आम्हीं मुलांकडून पुठ्ठ्याचा संगणक करविला. हा भाग आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटला. बोर्डाऐवजीं १७ सें. मी. चा चौरस पुठ्ठा. पॉवर सप्लायऐवजीं १२.५ × १० × ६.३५ सें. मी. चें खोकें, कारण एसएफएक्स या लहान जातीच्या सप्लायचें तें माप आहे. प्रोसेसरवरील हीटसिंक व पंख्याऐवजीं साडेसहा सें. मी. उंचीचा ठोकळा. मोठ्या एटीएक्स सप्लायचेंही खोकें त्यांनीं तुलनेसाठीं केलें, १५ × १४ × ८.६, त्याचें घनफळ सुमारें १८०० घन सें. मी. आलें, व लहानाचें ८०० च्या आंत. सर्व खोकीं मांडून झालीं, बाहेरचें माप २२ × २० × १५ सें. मी. म्हणजे साडेसहा लिटर ठरलें, आणि वर्गास आनंद झाला. तेवढ्यांत एका मुलीनें विचारलें, “सर, पण तारा कुठं जातील?” मग सुतळीच्या जुड्या करून तारांच्या जागीं बसविल्या, तेव्हां झांकण लागेना! बोर्डास वीज देणारी २४ टोंकांची जाड तार वळण घेण्यास चांगली तीन-चार सें. मी. जागा मागते, आणि दुकानांतील मापांच्या कागदावर ती कोठेंही लिहिलेली नसते. शेवटीं ३० × २२ × १५, म्हणजे जवळजवळ १० लिटरांची पेटी घ्यावयाची ठरली. ती पहिल्या पेटीइतकी देखणी नाहीं.

आतां प्रोसेसर. त्याच्या वेष्टनावर वॅटांचा जो आंकडा असतो तो नीट समजून घ्यावा. ६५ वॅट लिहिलेला प्रोसेसर सदैव ६५ वॅटच घेतो असें नाहीं. एएमडीच्या सांप्रतच्या ६५ वॅटी प्रोसेसरांस भाराच्या वेळीं ८८ वॅटांपर्यंत मुभा असते. इंटेलच्या आय-५ १२४०० या ६५ वॅटी प्रोसेसरची कमाल मर्यादा ११७ वॅट आहे. हा लबाडीचा प्रकार नव्हे. थोडा वेळ जोरानें धांवून काम उरकावें व मग विसांवा घ्यावा अशी ती योजना आहे. परंतु लहान पेटी निवडणारानें मोठाच आंकडा हिशेबांत धरला पाहिजे.

हिशेब सोपा आहे. एखादा कूलर प्रत्येक वॅटामागें प्रोसेसरचें तापमान अर्ध्या अंशानें वाढूं देतो असें समजा, आणि पेटींतील हवा खोलीपेक्षां ८ अंशांनीं अधिक उष्ण असते असें समजा. डिसेंबरांत खोली २२ अंश असतां ८८ वॅटांच्या भारावर प्रोसेसर २२ + ८ + ४४, म्हणजे ७४ अंशांवर राहील. तेंच यंत्र, तेंच काम, पण मे महिना व खोली ४४ अंश : बेरीज ९६. आम्हीं घेतलेल्या रायझन ५ ८६००जी या प्रोसेसरची सहनमर्यादा ९५ अंश आहे. मर्यादेस पोंचतांच तो आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि वापरणारास वाटतें कीं यंत्र जुनें झालें. ज्या पुस्तकांतून वा चित्रफितींतून असे सल्ले मिळतात ते बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलींत बसून दिलेले असतात. ते खोटे नसतात. ते चांदूर बाजारचे नसतात, इतकेंच.

ह्या अडचणीस दोन उपाय. एक, कूलर उंच घ्यावा. पातळ पेट्यांसाठीं अवघ्या ३७ मि. मी. उंचीचेही कूलर मिळतात व कारागिरी म्हणून ते सुंदर असतात, पण आमच्या उन्हाळ्यांत ते आम्ही सुचविणार नाहीं. दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे : मदरबोर्डाच्या बायोसमध्यें जाऊन हाच प्रोसेसर ६५ ऐवजीं ४५ वॅटांच्या वर्गांत चालविता येतो. मग भाराची मर्यादा ८८ वरून सुमारें ६१ वॅटांवर येते, आणि वरील बेरीज ९६ ऐवजीं साडेब्याऐंशी होते. अर्ज भरणें, लेख लिहिणें, धडे पाहणें ह्यांत वेगाचा फरक मुलांच्या ध्यानांतही आला नाहीं.

हवेचाही हिशेब करून पाहावा. भौतिकशास्त्राच्या तासास तो चांगला शोभतो. १०० वॅट उष्णता बाहेर न्यावयाची व हवा १० अंशांपेक्षां अधिक तापूं द्यावयाची नाहीं, तर सेकंदास सुमारें ९ लिटर हवा पेटींतून वाहिली पाहिजे. आमची जुनी पेटी साडेतीन लिटरांची. म्हणजे तींतील सर्व हवा दर सेकंदास अडीच वेळां बदलावयास हवी होती, आणि तीही बंद खणांत! हें गणित फळ्यावर मांडलें तेव्हां वर्ग हंसला, आणि त्यांच्याबरोबर आम्हांसही हंसावें लागलें.

हवा आली कीं तिच्याबरोबर धूळ आली. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामांत सरकीपासून सुटलेला बारीक तंतु हवेंत तरंगत असतो. तो हीटसिंकच्या पात्यांमध्यें बसला म्हणजे नमदा जमावा तसा जमतो. यासाठीं आंत हवा घेणाऱ्या पंख्यावर जाळी असलेलें कॅबिनेट घ्यावें, जाळी काढून झटकतां येते कीं नाहीं तें दुकानांतच पाहावें, आणि बाहेर फेंकणाऱ्या पंख्यांपेक्षां आंत घेणारे पंखे किंचित् जोरदार ठेवावे, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाहीं. पाण्याच्या कूलरची खोलीस मदत होते, पण त्याचा झोत सरळ यंत्रावर येऊं देऊं नये. शिवाय वीज गेली म्हणजे कूलर थांबतो व यूपीएसवर यंत्र चालूच राहतें. अशा वेळीं खोली किती झपाट्यानें तापते तें उन्हाळ्यांतील कोणत्याही दुपारीं अनुभवावें.

उरलेल्या भागांविषयीं थोडक्यांत सांगतों. मिनी-आयटीएक्स बोर्डावर रॅमसाठीं बहुधा दोनच खांचा असतात. ज्या प्रोसेसरांत चित्रें दाखविणारा भाग अंतर्भूत आहे, तो रॅममधूनच आपली स्मृति घेतो. म्हणून १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षां ८ च्या दोन घ्याव्या, म्हणजे दोन वाटांनीं माहिती वाहते. पुढें वाढ करावयाची झाल्यास दोन्ही बदलाव्या लागतील, हा तोटा पत्करावा. साठवणीसाठीं एम.२ जातीची पट्टी घ्यावी. ती २२ मि. मी. रुंद व ८० मि. मी. लांब असते, बोर्डावरच बसते, आणि तिला तार लागत नाहीं. सुतळीचा प्रयोग ज्यांनीं केला त्यांस ह्याचें मोल कळतें. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड वाचनालयास नको. पॉवर सप्लायमध्यें मात्र काटकसर करूं नये. यूपीएस घेतांना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे हें ध्यानांत असावें; त्यावर बहुधा ३६० वॅटांचाच भार चालतो. आमच्या यंत्रास व पडद्यास तो पुरेसा आहे.

इतकी यातायात करण्यापेक्षां तयार छोटा संगणक कां घेऊं नये, असें एका सहशिक्षकांनीं विचारलें. प्रश्न रास्त आहे. इंटेल एन१०० सारख्या ६ वॅटी प्रोसेसरचीं तयार यंत्रें पुस्तकाएवढीं असतात, उन्हाळा सोसतात, आणि केवळ अर्ज भरावयाचे असतील तर तींच घ्यावीं असें आम्हीही सांगूं. आम्हीं तसें केलें नाहीं, कारण अशा पुष्कळ यंत्रांत प्रोसेसर बोर्डासच डांक दिलेला असतो. एक भाग गेला कीं सगळें यंत्र जातें. सुट्या भागांच्या यंत्रांत पंखा गेला तर पंखाच बदलतां येतो. खर्च मात्र अधिक आला, तो लपविण्याचें कारण नाहीं.

नवें यंत्र आतां खणांत नाहीं. टेबलाच्या पायास साखळी लावून तें उघड्यावर ठेविलें आहे, भिंतीपासून वीतभर दूर. एप्रिल लागल्यापासून दोन मुलें रोज दुपारीं तीन वाजतां खोलीचें व प्रोसेसरचें तापमान वहींत टिपतात. आजवरचा सर्वांत मोठा आंकडा खोलीचा ४३ व प्रोसेसरचा ८१ आहे. अर्जांचे दिवस यावयाचे आहेत.