ई-मेल वार्तापत्र आणि लघुव्यावसायिक

कुंभकोणमजवळील नाचियारकोविल येथील पितळी समईला भौगोलिक मानांकन लाभले आहे. परंतु समई घरात एकदाच येते; पुढे ग्राहकाने त्या दुकानाची आठवण का ठेवावी? अशा व्यावसायिकास ई-मेल वार्तापत्र उपयोगी पडते. चिंचेने पितळ उजळण्याची रीत, कार्तिकातील दीपोत्सवापूर्वी नव्या घडणीची माहिती, एवढा मजकूर महिन्याकाठी पुरेसा होय.

वार्तापत्र-सेवा पत्त्यांची यादी सांभाळते, न पोहोचणारे पत्ते वगळते आणि प्रत्येक पत्राखाली नाव कमी करण्याची सोय ठेवते. ही सोय अनेक व्यापाऱ्यांना खटकते. मात्र ती नसल्यास कंटाळलेला ग्राहक पत्रास ‘स्पॅम’ ठरवितो, आणि अशा तक्रारी वाढल्या की इतरांची पत्रेही अडतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दररोज ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना गूगलने तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली राखण्यास सांगितले आहे. विकतची यादी तर घेऊच नये. संमती देणारे दोनशे ग्राहक बरे.

बँकेच्या दृष्टीने एक धोका मोठा आहे. व्यापाऱ्याच्या ई-मेलमध्ये शिरून भामटे हुबेहूब पत्र पाठवितात : ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे.’ मोठ्या मागणीची आगाऊ रक्कम परक्या खात्यात जाते. म्हणून खाते बदलल्यास ते दूरध्वनीवरूनच कळविले जाईल, असे पहिल्याच वार्तापत्रात नमूद करावे. सेवेच्या खात्यास द्विस्तरीय पडताळणी लावावी. तरीही रक्कम गेलीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर व आपल्या शाखेत कळवावे.