टोमॅटो: करप्याचे डाग दिसायची वाट पाहू नका



"पानं हिरवीगार आहेत, मग फवारणी कशाला?" असं बरेच जण विचारतात.

टोमॅटोच्या पानात पेशींच्या भिंतीलगत प्रथिनं तोडणारे एन्झाइम (विकरे) असतात. आत घुसणाऱ्या रोगाशी ते लढतात. पण उशिरा येणाऱ्या करप्याचा रोगजंतू या एन्झाइमलाच बंद पाडणारी प्रथिनं सोडतो. पान वरून हिरवंच दिसतं. डाग दिसेपर्यंत ३ ते ५ दिवस गेलेले असतात.

म्हणून थंड, ढगाळ हवेत पानं ओली राहत असतील तर डाग नसतानाच फवारा:
मॅन्कोझेब ७५ टक्के, २५ ग्रॅम प्रति १० लिटर पाणी. पानांची खालची बाजूही भिजवा.

तोडा चालू असेल तर लेबलवर दिलेलं दिवसांचं अंतर पाळा.

सकाळी पानामागे पांढरी बुरशी दिसली तर लगेच फोटो पाठवा.