आईच्या नावावर काय होते?

आमच्या गावच्या पारावर संध्याकाळी चार माणसे बसतात. माझी आई वारली त्यानंतर महिनाभराने मीही तिथे बसलो होतो. एका कर्त्या माणसाने विचारले, "गुरुजी, म्हातारीचं दीड वरीस अंथरुणात केलंत. तिच्या नावावर व्हतं तरी काय?"

त्याने वाईट हेतूने विचारले नव्हते. आपल्याकडे हिशेब असाच मांडतात. बैलाला पेंड घातली तर तो नांगर ओढतो. म्हशीला सरकी घातली तर दूध वाढते. मग म्हाताऱ्या माणसाचे केले तर काय मिळते? प्रश्न सरळ आहे. मी त्या दिवशी नुसता हसलो आणि उठून आलो. उत्तर द्यायला हवे होते. ते आज देतो.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळ जण पंढरपूरला जाऊन आले असतील. विठोबा विटेवर उभा आहे. ती वीट पुंडलिकाने फेकली, अशी कथा सांगतात. तो आई-वडिलांची सेवा करीत होता. देव दाराशी आला. पुंडलिक म्हणाला, हातातले काम पुरे होईपर्यंत या विटेवर उभा राहा. देव राहिला. चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाचे देऊळ आहे. वारकरी नदीत स्नान करून आधी त्याचे दर्शन घेतात. जयजयकारातही पुंडलिकाचे नाव आधी येते, विठ्ठलाचे मागून.

पण या कथेचा पहिला भाग आपण घाईने सांगतो. हाच पुंडलिक आधी आई-वडिलांना छळणारा होता. त्यांना सोडून काशीला निघाला होता. वाटेत त्याचे डोळे उघडले, मग तो माघारी फिरला. मी तीस-पस्तीस वर्षे शाळेत ही कथा शिकवली. खडूने फळ्यावर वीट काढून दाखवली. पहिला भाग आपल्यालाही लागू पडतो, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

२०१५ सालच्या आषाढात आई मोरीत घसरली. वय ऐंशीच्या घरात. म्हातारपणी हाडे आतून विरळ होतात, थोड्या आपटण्यानेही मोडतात. तिचा खुब्याचा सांधा मोडला. दवाखान्यात ऑपरेशन झाले, पण ती पुन्हा चालली नाही. खाट ओसरीवर टाकली. मी तेव्हा नोकरीत होतो. सकाळी शाळेला निघताना विचारायचो, "कसं काय, आई?" संध्याकाळी आल्यावर औषधांच्या गोळ्या मोजायचो. मधले सगळे माझी पत्नी करायची. गावातले लोक म्हणायचे, मास्तर म्हणजे श्रावणबाळ. एकदा पत्नी भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, तुम्हाला श्रावणबाळ म्हणतात. मला काय म्हणतात हो?"

मला उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर पत्नीची आई आजारी पडली. तिलाही आई होती, ही गोष्ट मी विसरूनच गेलो होतो. ती आठ दिवस माहेरी गेली. मी रजा काढली. जाताना तिने मला सगळे समजावून सांगितले, पहिलीतल्या पोराला सांगावे तसे.

ते इथे सांगतो, कारण कधी ना कधी तुम्हालाही लागेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. एकाच अंगावर पडून राहिले की तिथले रक्त दबते आणि कातडी मरते. कमरेखाली, ढुंगणावर, टाचांना जखमा होतात. त्या भरून यायला महिने लागतात. म्हणून पोटऱ्यांखाली उशी ठेवायची, टाचा अधांतरी राहतील अशी. चादरीला सुरकुती ठेवायची नाही. कातडी लाल दिसली तर तिथे चोळायचे नाही. चोळल्याने जखम लवकर होते. त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही आणि दवाखान्यात दाखवायचे. जेवण भरवताना माणसाला बसते करायचे आणि जेवल्यावर अर्धा तास तसेच बसू द्यायचे, नाहीतर घास श्वासाच्या नळीत जातो. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. त्याने मागितले नाही तरी घोट घोट पाणी देत राहायचे. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. आई उलट पाणी प्यायलाच नको म्हणायची. का, तर लघवीला उठवावे लागेल, दुसऱ्याला त्रास होईल.

आंघोळ घालायला माझी धाकटी बहीण यायची. आईला माझी लाज वाटायची, आणि ती बरोबरच होती. बाकीचे मी केले. शौचाचे भांडेही मीच धुतले. पहिल्या दिवशी नाक दाबले, तिसऱ्या दिवशी दाबले नाही.

सगळे गोड झाले असे सांगणार नाही. चौथ्या रात्री तिने तिसऱ्यांदा हाक मारली आणि मी खेकसलो, "आता काय गं?" त्यानंतर तिने हाकच मारली नाही. सकाळी पाहतो तर अंथरूण ओले आणि ती जागी. मी चादर बदलली. ती भिंतीकडे तोंड करून होती. कूस बदलायची वेळ झाली होती, तरी मला तिला हात लावायचा धीर होईना.

त्याच दिवशी दुपारी मी तिची नखे काढायला बसलो. डाव्या हाताचा अंगठा पाहिला. नख मधोमध चिरलेले, वाकडे, जाड. पेर बसके. हा अंगठा मी लहानपणापासून पाहत होतो. भाकरी थापताना, पोळपाट धरताना. पण विचारले कधी नव्हते. तेव्हा विचारले.

"खडी फोडताना बसला हातोडा," ती म्हणाली. "भात्तरच्या दुष्काळात."

मी चमकलो. १९७२ सालचा दुष्काळ मला आठवतो. मी तेव्हा चौदा वर्षांचा, तालुक्याच्या गावी शिकायला. घरून रोज एसटीने डबा यायचा. डब्यात ज्वारीची भाकरी असायची, कधी चटणी, कधी पिठले. मी समजत होतो, घरी सगळे ठीक आहे. वडिलांची पत्रे येत, त्यांत तेवढेच लिहिलेले असे. आई सांगू लागली. घरातली जोंधळ्याची शेवटची पोती माझ्या डब्यासाठी बाजूला ठेवली होती. घरात सगळे मिलो खात होते. मिलो म्हणजे त्या वर्षी परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी कुणाला आवडत नसे. दोघेही रस्त्याच्या दुष्काळी कामावर जात. आई खडी फोडायची. तिथे सुकडी मिळायची, ती धाकट्या बहिणीसाठी पदरात बांधून आणायची.

"मला कळवलं का नाहीस?"

"आरं, सांगून काय झालं असतं? तू शाळा टाकून खडी फोडाय आला असतास."

बरोबर होते. मी आलोच असतो. मग मॅट्रिक झालो नसतो, मास्तर झालो नसतो.

आता या अंगठ्याची पुढची गोष्ट सांगतो. ती मला सांगायला जड जाते. १९९४ साली वडील वारले. वारसनोंदीत आईचेही नाव सातबाऱ्यावर लागले होते. आम्ही भावंडांनी ठरवले, उगाच कागद वाढायला नकोत. आईने हक्कसोड पत्र करून द्यावे. तिने एका शब्दाने विचारले नाही. मी स्वतः तिचा डावा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर उठवला. ठसा नीट उमटेना, म्हणून दोनदा दाबला. का उमटत नाही, हे मी तेव्हाही पाहिले नाही. गंमत अशी की त्याआधी दोन-तीन वर्षे साक्षरता मोहीम झाली होती. रोज रात्री कंदील लावून मी गावातल्या बायकांना सही शिकवत होतो. आई त्या वेळी घरी भांडी घासत होती.

म्हणजे पारावरच्या माणसाच्या प्रश्नाचे कागदावरचे उत्तर हे, की तिच्या नावावर काहीच नव्हते. ते मीच काढून घेतले होते.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. म्हाताऱ्या माणसांनी जमीन, घर मुलांच्या नावे करण्याची घाई करू नये. केलेच, तर 'शेवटपर्यंत सांभाळ करायचा' ही अट कागदात लिहून घ्यावी. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला आहे. तो लागू झाल्यानंतर अशा अटीवर काही दिले आणि मुलांनी सांभाळले नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. खायला-प्यायला मिळत नसेल, तर निर्वाहासाठी अर्ज करता येतो. आपल्याकडे तो प्रांत अधिकाऱ्यांपुढे चालतो. त्या कायद्यात महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत देण्याचा हुकूम होऊ शकतो. मुलगा आणि मुलगी दोघांवरही ही जबाबदारी आहे. कायदा चांगला आहे, असू द्यावा. पण रात्री दोन वाजता कूस कुणी बदलायची, हे कोणताही प्रांत ठरवू शकत नाही.

आठ दिवसांनी पत्नी परत आली. त्यानंतर रात्र माझी आणि दिवस तिचा, असे आम्ही ठरवले. २०१६ साली मी निवृत्त झालो, मग दिवसही अर्धा अर्धा वाटून घेतला. रात्री कूस बदलली की आईला लगेच झोप येत नसे. ती बोलायची. कोणत्या विहिरीला कुठल्या महिन्यापर्यंत पाणी टिकते, वडील रागावले की कुठे जाऊन बसायचे, माझ्याआधी एक भाऊ होऊन गेला होता, तो कितव्या दिवशी गेला. साठीला टेकलो होतो, आणि मला भाऊ होता हे मला ठाऊक नव्हते.

नातू शाळेतून आला की तिच्या खाटेवर पाटी घेऊन बसायचा. एक दिवस ती म्हणाली, "मला बी दाव की रं, माझं नाव कसं लिवत्यात." नातवाने दाखवले. मी बाजूला बसून पाहत होतो. तिचे नाव तीन अक्षरांचे. पहिले अक्षर आठ दिवसांत आले, दुसरे महिन्याने. तिसरे शेवटपर्यंत उलटे यायचे. नातू ते पुसून नीट काढून द्यायचा आणि ती पुन्हा उलटे काढायची. मग दोघे हसायची. पाटी अजून कोनाड्यात आहे. तिच्यावर दोन अक्षरे सरळ आणि एक उलटे आहे. पुसायची नाही, असे पत्नीने पोराला बजावले आहे.

पुढे वर्षभराने पारावरचा तोच माणूस रात्री आमच्या दारात आला. चप्पल न घालताच आला होता. "गुरुजी, आबा पडल्यात. अंथरुणात हायती. पाठ लाल दिसतीय. काय करू?"

मी पत्नीला हाक मारली. तिने पदर खोचला, दोन उश्या काखेत घेतल्या आणि माझ्या आधी उंबऱ्याबाहेर पडली. त्याच्या घरी गेल्यावर तिने त्याला आबांच्या उजव्या बाजूला उभे केले. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालायला लावला आणि म्हणाली, "ओढू नका. सावकाश आपल्याकडं वळवा. आबा, पावन्यासारखं अंग चोरू नका, तुमचाच ल्योक आहे."