पाव कापून देणारी संत

लिजूच्या कार्मेल मठात संत तेरेजा १८८८ साली, वयाच्या १५ व्या वर्षी दाखल झाली. मठात एक आजारी, वृद्ध धर्मभगिनी होती. रोज संध्याकाळी तिला प्रार्थनेतून उठवून, आधार देत भोजनगृहात न्यावे लागे. तिला खूश करणे कठीण. भरभर चालले तरी कुरकुर, हळू चालले तरी कुरकुर! तेरेजालाही हे काम सुरुवातीला नको वाटले. तरी तिने ते आपणहून मागून घेतले. पुढे तिला दिसले, की त्या धर्मभगिनीला पाव कापणे जड जाते. तेव्हापासून ती पाव कापून देई आणि हसूनच निरोप घेई. त्या वृद्धेचे मन तिने जिंकले, ते या न सांगितलेल्या कामाने.

तेरेजा १८९७ साली मठातच वारली. १९२७ साली ख्रिस्तसभेने तिला मिशनकार्याची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले.

आम्हांला मात्र आजीला औषध देताना कंटाळा येतो. तिने तेच पुन्हा विचारले, की आमचा आवाज चढतो. आभार कोणी मानले नाहीत, तर आम्ही रुसतो. गुप्तपणे केलेले पिता पाहतो, असे प्रभू येशूने शिकवले आहे. या आठवड्यात असे एक नकोसे काम आपण हसतमुखाने करू या, आणि त्याविषयी कोणाला सांगू नये.