देवरिया तालाची वाट

उत्तराखंडातील सारी गावापासून सुमारे तीन किलोमीटरांची चढण चढून यात्रिक देवरिया तालापाशी पोहोचतो. सुमारे २,४०० मीटर उंचीवरील या सरोवराची काठाने प्रदक्षिणा करता येते. प्रभातसमयी वारा शांत असता ७,१३८ मीटर उंचीचे चौखंबा शिखर जळात प्रतिबिंबित होते.

यक्षाने पांडवांना प्रश्न विचारले ते हेच सरोवर, अशी लोकश्रद्धा आहे. तृषार्त चौघे बंधू उतावीळपणे जल प्राशून पडले, युधिष्ठिर थांबला. एकाचेच प्राण मागण्याचा वर मिळताच त्याने भीमार्जुनांऐवजी माद्रीसुत नकुलाचे प्राण मागितले.

सहकुटुंब जाणाऱ्या गृहस्थाने हा बोध घ्यावा : जो सर्वांत थकला, त्याच्या पावलाने सर्वांनी चालावे. मागच्याला धाप लागली असता पुढच्याने थांबावे, हाच त्या वाटेवरील धर्म होय.